बाकावरून चाकांवर

नव्वदच्या दशकात सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांसाठी अमेरिकेत आलेल्या मराठी घरांतले जुने अल्बम उघडले की ऑरलँडोचा एक फोटो हमखास निघतो. मॅजिक किंगडममधला सिंड्रेलाचा किल्ला, त्याच्यासमोर मुलगा, सून आणि उन्हाने डोळे बारीक केलेली नातवंडं. सहा महिन्यांच्या व्हिसावर भारतातून आलेले आई-वडील मात्र त्या फोटोत नसतात. ते कुठे आहेत, हे घरात कुणाला विचारावं लागत नाही. ते बाकावर आहेत आणि सगळ्यांच्या पिशव्या त्यांच्यापाशी आहेत.

आमच्याकडचा तो फोटो १९९७च्या उन्हाळ्यातला. वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ला उघडलं. त्याच्या पंचविशीसाठी अख्खा किल्ला गुलाबी करून त्याचा वाढदिवसाचा केक केलेला होता, मेणबत्त्या आणि गोळ्या-चॉकलेटांसकट. तो केक पाहून माझी तीन वर्षांची मुलगी माझ्या खांद्यावरूनच त्याच्याकडे झेपावत होती आणि माझे वडील, नाना, मागे वळून बसायला जागा शोधत होते.

नाशिकला आयुष्यभर सायकलवरून कचेरी केलेल्या नानांचे गुडघे तेव्हा नुकते बोलायला लागले होते. गुडघे बदलून घेणं आमच्या नात्यागोत्यात अजून कुणी केलं नव्हतं. तेल चोळायचं, गरम पाण्याने शेकायचं आणि जिना एकेक पायरी करत उतरायचा, एवढाच उपाय. डिस्नेमधलं अंतर तर आपल्या जत्रेच्या मापाने मोजता येत नाही. गाडी लावायची तिथून ट्राम, ट्राममधून उतरून मोनोरेल किंवा तलावातली मोठी बोट, आणि मग कुठे पार्कचं दार. पुढे रात्रीपर्यंत दिवसाकाठी १२-१५ किलोमीटर चालणं सहज होतं, तेही फ्लोरिडाच्या जुलै महिन्यातल्या दमट उन्हात.

दारातून आत शिरल्या शिरल्या, आगगाडीच्या स्टेशनाखाली, स्ट्रोलर आणि व्हीलचेअर भाड्याने मिळत. स्ट्रोलर आम्ही घेतला. व्हीलचेअरचं नाव काढताच नाना म्हणाले, "मी काय आजारी आहे का?" विषय तिथेच संपला. त्या पिढीच्या मनात चाकाच्या खुर्चीला एकच जागा होती, इस्पितळाचा व्हरांडा. सुट्टीला आलेल्या माणसाने तीत बसायचं म्हणजे चारचौघांत आपलं दुखणं मांडून ठेवायचं. आईने नुसती मान हलवून मला गप्प केलं.

मग लिबर्टी स्क्वेअरच्या बाजूला नदीकाठचा एक सावलीतला बाक त्यांनी धरला. नदी बांधीव होती, पण तिच्यात चाकाची आगबोट फिरायची, लिबर्टी बेल नावाची. मधल्या टॉम सॉयरच्या बेटाला वळसा घालून ती परत धक्क्याला लागायची. हातात मोबाइल नव्हते. रांगेत नंबर लावून दुसरीकडे फिरून यायची सोयही दोन वर्षांनी, १९९९ला आली. तोवर एकेका राइडला तासतास उभं राहायचं. त्यामुळे वेळ ठरायची ती बोटीवर. "बोट तिसऱ्यांदा आली की आम्ही येतोच," असं सांगून आम्ही निघायचो.

त्या बाकावरचं जग आज मला फार आठवतं, आणि ते वाईट नव्हतं. आईच्या पिशवीत दशम्या, लसणाची चटणी आणि चांदीच्या कागदात गुंडाळलेले गुळाचे खडे. शेजारच्या बाकावर सुरतेकडचं एक जोडपं, त्यांचाही मुलगा न्यू जर्सीत. पलीकडे ओहायोचे एक म्हातारे गृहस्थ, त्यांची नातवंडंही कुठेतरी आत गेलेली. नानांचं इंग्रजी फायलींवर शेरे मारायचं. तरी त्या गृहस्थांशी पेन्शन किती मिळतं, घरपट्टी किती बसते इथपर्यंत गप्पा पोचल्या. आम्ही परतलो की दोघं एकमेकांशी हात मिळवून उठत. असे बाक पार्कभर होते. जगभरची आजी-आजोबा मंडळी त्यांवर बसलेली, पायाशी दुसऱ्यांच्या पिशव्या.

पण रात्री हॉटेलवर मुलगी विचारायची, "आजोबा, तुम्ही भुतं बघितली? चाचे बघितले?" आणि नाना तिच्याकडूनच सगळं ऐकून घ्यायचे. इतक्या लांब येऊन, इतकी तिकिटं काढून, त्यांची डिस्नेची सहल नातीच्या तोंडून झाली.

मुलीसाठी घेतलेल्या स्ट्रोलरमध्ये ती फारशी बसलीच नाही. त्यात पाण्याच्या बाटल्या, कॅमेरा, जादाचे कपडे हिंडले. ती हिंडली माझ्या खांद्यावर. रात्री दिव्यांची मिरवणूक निघाली, तेव्हा तिच्या टाचा माझ्या छातीवर आपटत होत्या, एका मुठीत माझे केस, दुसऱ्या हातातलं आइस्क्रीम माझ्या कानावर ठिबकत होतं. मिठाईच्या रंगाचा तो प्रकाश मी पाहिला थोडा आणि तिच्या पायांच्या हिसक्यांवरून ओळखला जास्त. झोप आली की तिचं डोकं माझ्या डोक्यावर टेकायचं आणि अंगातलं सगळं वजन एकदम खाली यायचं. हे वजन मला ओळखीचं होतं, कारण मी स्वतः ते कुणावर तरी टाकलेलं होतं. चैत्रातल्या एकादशीला नाशकात रामरथ आणि गरुडरथ निघतात. दोर ओढणाऱ्यांची रेटारेटी, गुलाल, आणि रथाकडे तोंड करून उलट्या पावलांनी चालणारे मानकरी बुवा, हे सारं मी लहानपणी पाहिलं ते नानांच्या खांद्यावरून. खालून पाहणाऱ्याला दिसतात फक्त पाठी. बुवा उलटे चालतात हे मला वर बसल्यामुळे कळलं.

आता मुलगी स्वतः आई झाली आहे. नाना नाहीत. आई ब्याऐंशी वर्षांची आहे. २०२५च्या शरदात आम्ही चार पिढ्या पुन्हा ऑरलँडोला गेलो. या खेपेला तयारीची सुरुवात तिकिटांपासून झाली नाही, चाकांपासून झाली.

पार्कात भाड्याची वाहनं आजही मिळतात, पण ती पार्कातच सोडून यावी लागतात. बसपासून दारापर्यंत आणि रात्री दारापासून खोलीपर्यंत, म्हणजे अंग सर्वांत थकलेलं असतं तेव्हा, माणूस पुन्हा पायांवर. विजेवरची स्कूटर तर तिथे आगाऊ राखून ठेवता येत नाही. सकाळी लवकर पोचेल त्याची. म्हणून ऑरलँडोत बाहेरच्या कंपन्यांचा मोठा धंदा उभा राहिला आहे. फोनवर तारखा टाकायच्या, स्ट्रोलर एका मुलाचा की दोघांचा, पाठ आडवी होणारा हवा का, स्कूटर तीनचाकी की चारचाकी, बसणाऱ्याचं वजन किती, हे सांगायचं. ठरल्या वेळी माणूस हॉटेलवर गाडी घेऊन हजर. सहल संपेपर्यंत ती आपली. माझ्या मुलीने हे सगळं न्यू जर्सीत बसून, स्वयंपाक करता करता उरकलं. सोबत डिस्नेचे नियमही वाचले. १ मे २०१९पासून ३१ इंचांहून रुंद किंवा ५२ इंचांहून लांब स्ट्रोलर आत नेता येत नाही आणि मुलांना बसवून ओढायच्या डबागाड्या पूर्ण बंद आहेत. किल्ल्याच्या वाटेवर संध्याकाळी जी कोंडी होते ती पाहिल्यावर हा नियम मला अगदी रास्त वाटतो.

आईला राजी करायला कुणाला काही बोलावं लागलं नाही. त्याचं श्रेय विमानतळांना आहे. मुंबईहून नेवार्कला येणारे आपल्याकडचे आई-वडील गेली कित्येक वर्षं तिकिटासोबतच व्हीलचेअर सांगून ठेवतात. काहींना गुडघ्यांसाठी लागते, काहींना इमिग्रेशनच्या खिडकीपर्यंत कुणीतरी बरोबर असावं म्हणून. विमानाच्या दारात खुर्च्यांची रांग, तीत ओळीने बसलेल्या साड्या आणि स्वेटर, हे दृश्य कुणाला नवं राहिलेलं नाही. तिथे शेजारीपाजारी सगळेच बसलेले असल्यामुळे लाज गेली. वणीच्या सप्तशृंगीला २०१८पासून फनिक्युलर ट्रॉली झाली. आधी पायऱ्या चढल्याशिवाय दर्शन नाही म्हणणारी आई आता ट्रॉलीने जाते आणि देवीपुढे जास्त वेळ उभी राहते. वर पोचल्यावर धाप लागलेली नसते, हे ती स्वतःच सांगते.

हॉटेलच्या वाहनतळावर ती स्कूटर शिकली. समोर उभा दांडा, त्यावर सायकलसारखी मूठ, खाली जाळीची टोपली. उजव्या अंगठ्याने पट्टी दाबली की पुढे, डाव्याने दाबली की मागे, आणि मागे जाताना बीप बीप. बोट उचललं की गाडी जागच्या जागी थांबते, वेगळा ब्रेक नाही. मधोमध वेगाची गोल कळ असते. तिच्या एका टोकाला कासवाचं चित्र, दुसऱ्याला सशाचं. आईने ती कासवाकडे फिरवली, एक फेरी मारली, थांबून निऱ्या गुडघ्यांखाली दाबून घेतल्या, पदर कमरेला खोचला आणि मग कळ हळूच अर्ध्यावर आणली. दुसऱ्या दिवसापासून तिने साडी बाजूला ठेवून पंजाबी ड्रेस घातला. पदर चाकात जाईल ही भीती मनात ठेवून गाडी चालवता येत नाही, हे तिचं तिनेच ठरवलं. रात्री खोलीत फोनच्या शेजारी स्कूटरचा चार्जर लागायचा. त्याचा लाल दिवा हिरवा झाला का, ते पहाटे उठून ती पाहायची.

ही गाडी कुणी केली, याचा मी शोध घेतला. मिशिगनमधल्या ॲलन थीम नावाच्या माणसाने १९६८मध्ये, घरातल्याच मल्टिपल स्क्लेरोसिस झालेल्या व्यक्तीसाठी, ती पहिल्यांदा बनवली. घडी घालून हातात धरता येणारा हलका स्ट्रोलर त्याआधी तीन वर्षं, १९६५मध्ये, इंग्लंडच्या ओवेन मॅक्लारेन यांनी केला. स्पिटफायर लढाऊ विमानाच्या चाकांच्या जोडणीवर काम केलेला हा अभियंता. निवृत्तीनंतर लेकीला अवजड बाबागाडी ओढताना पाहून त्याने विमानाचं हलकं ॲल्युमिनियम नातीच्या गाडीला लावलं. दोन्ही गोष्टी कारखान्यात सुचलेल्या नाहीत, घरात सुचल्या. कुणीतरी मागे राहतंय, हे जवळच्या माणसाला पाहवलं नाही, म्हणून सुचल्या.

आणि नुसती गाडी असून भागत नाही, तिला चढायला उतार लागतो. तो सुखासुखी मिळालेला नाही. १२ मार्च १९९०ला वॉशिंग्टनमध्ये अपंग आंदोलकांनी आपल्या व्हीलचेअर आणि कुबड्या खाली ठेवल्या आणि ते संसद भवनाच्या पायऱ्या हाता-कोपरांवर सरपटत चढले. त्यांत आठ वर्षांची एक मुलगीही होती. त्याच वर्षी २६ जुलैला अमेरिकेचा अपंग हक्क कायदा झाला. म्हणजे नाना नदीकाठी बसले होते तेव्हा हा कायदा सात वर्षांचा होता. उतार होते, खुर्च्या होत्या. अडलं ते नाना आणि खुर्ची यांच्यामधल्या त्या एका वाक्यावर, आणि ते वाक्य त्या काळात घरोघरी होतं.

आईचा पहिला दिवस मॅजिक किंगडमचा. हॉटेलच्या बसने आधी तिलाच घेतलं. चालकाने फळी खाली सोडली, आई वर गेली, स्कूटर पट्ट्यांनी जखडली आणि मग बाकीची रांग चढली. इतक्या माणसांनी आपल्यासाठी थांबावं याचा तिला आधी संकोच वाटला. उतरताना तिने चालकाला हात जोडून नमस्कार केला. मेन स्ट्रीटवर घोड्याच्या ट्रामचे रूळ आहेत. त्यांच्या खाचेत पुढचं चाक अडकतं, म्हणून रूळ सरळ आडवे ओलांडायचे, तिरके नाही, ही सूचना तिने लक्षात ठेवून पुढे दुसऱ्या एका आजींनाही हाताने करून दाखवली.

जंगल क्रूझला एक होडी अशी आहे, की तिच्यात व्हीलचेअर पाळण्याने उतरवतात. स्कूटर बाहेर ठेवून आई तिथल्या साध्या खुर्चीत बसली आणि होडीत गेली. अठ्ठावीस वर्षांपूर्वी याच रांगेच्या तोंडाशी तिने आम्हाला हात हलवून निरोप दिला होता. आता खोट्या हत्तींनी सोंडेतून पाणी उडवलं तेव्हा ती पणतवाच्या आधी ओरडली. एपकॉटमध्ये अकरा देशांचे मंडप तलावाभोवती मांडले आहेत, जवळजवळ दोन किलोमीटरचा फेरा. तो तिने पूर्ण केला आणि "आपला कुठे आहे?" म्हणून विचारलं. भारताचा मंडप तिथे नाही. ती रुखरुख ॲनिमल किंगडमने थोडी भरून काढली. तिथे आनंदपूर नावाचं एक कल्पित गाव वसवलं आहे, त्यात राजवाड्याचे पडके अवशेष आणि काचेपलीकडे वाघ. आई काचेला लागून स्कूटर उभी करून इतका वेळ बसली, की आम्ही बाकीचे बसायला जागा शोधू लागलो.

नियमाने स्कूटरवर एकाच माणसाने बसायचं. पणतवाला मांडीवर घेता येत नाही, हे तिला काही केल्या पटेना. मग त्याने स्वतःच तोड काढली. तो स्ट्रोलरमधून उतरला आणि तिच्या टोपलीची जाळी धरून बरोबरीने चालू लागला. कळ पुन्हा कासवावर गेली. त्याच्या तुरुतुरु चालण्याच्या वेगाने त्या दोघांनी फ्रंटियरलँड पालथं घातलं.

तिथेच तिने विचारलं, "ती बोट कुठे रे?" ७ जुलै २०२५पासून नदी, बेट आणि लिबर्टी बेल, तिन्ही बंद झाली आहेत. त्या जागी आता मोटारींच्या सिनेमावरची नवी राइड होणार आहे. नदीकाठाला कुंपणाचे पत्रे लागलेले. पत्र्यांपाशी ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "यांना इथे चांगलं वारं लागायचं." मला राइड गेल्याचं इतकं वाटलं नाही, जितकं त्या सावलीचं वाटलं. बसण्यासाठी केलेली, नुसतं बघत राहण्यासाठी केलेली जागा पार्काने कमी केली, हे मला खटकतं. चाकं आली म्हणून बाक नकोत, असं होऊ नये. स्कूटरवरच्या माणसालाही कधी नुसतं बसायचं असतं, आणि त्याच्या शेजारी बसायला दुसऱ्याला जागा लागते.

बदलात जे गेलं, त्यात खांदा आहे. आमच्या नातवाच्या स्ट्रोलरला छत्री, पंखा, बाटलीची खोबणी, खाऊचा ट्रे, सगळं आहे. पाठ आडवी करून तो आतषबाजीच्या गडगडाटातही झोपू शकतो. पाच-सहा वर्षांची मुलंही सर्रास स्ट्रोलरमध्ये दिसतात, आणि दिवसभराचं अंतर पाहता मी त्यांच्या आई-वडिलांना नावं ठेवणार नाही. पण तिथून मुलाला दिसतात ती माणसांच्या गुडघ्यांची रांग आणि पुढच्या गाडीची चाकं. मिरवणुकीच्या वेळी मी जावयांना म्हटलं, त्याला वर घ्या. त्यांनी घेतला. तो वर जाताच गप्प झाला आणि दोन्ही हातांनी त्यांचं कपाळ धरून बसला.

राइडच्या बाहेर स्ट्रोलरसाठी आखलेल्या जागा असतात. आपण ठेवतो एकीकडे आणि तासाभराने बाहेर येतो तोवर तिथल्या कर्मचाऱ्यांनी ओळी लावताना तो भलतीकडे नेलेला असतो. एकसारख्या शेकडो गाड्यांत आपली ओळखायची कशी? लोक रिबिनी बांधतात, फुगे बांधतात. मुलीने मुठीला नाशिकच्या पैठणीच्या काठाची चिंधी बांधली होती. ती लांबून दिसायची.

स्कूटरबद्दल कुरकुर करणारेही भेटतात. रात्री गर्दी एकदम बाहेर पडते तेव्हा कुणाच्या घोट्याला चाक लागतं, आणि तक्रार खरी असते. काहींच्या नजरेत मात्र दुसराच प्रश्न असतो: हा माणूस तर आत्ता उठून चालला, मग याला गाडी कशाला? डिस्नेत सवलतींचा गैरवापर झालेला आहे. पैसेवाल्या काही घरांनी रांग टाळायला अपंग व्यक्तींना भाड्याने सोबत नेल्याच्या बातम्या २०१३मध्ये आल्या आणि त्याच वर्षी जुनं सवलतीचं कार्ड बंद करून नवी पद्धत आणावी लागली. पण स्कूटर घेतली म्हणून कुणी रांगेत पुढे जात नाही. आई प्रत्येक रांगेत आमच्याबरोबरच सरकत होती, फक्त बसून. शंभर पावलं चालू शकणारं माणूस दहा हजार पावलं चालू शकतंच असं नाही. हृदय, फुप्फुसं, सांधे यांचं दुखणं कपाळावर लिहिलेलं नसतं. नाना घरात व्यवस्थित चालायचे, बागेत जायचे, भाजी आणायचे. त्या नजरांनी त्यांनाही धडधाकटच ठरवलं असतं, आणि ते पुन्हा बाकावर जाऊन बसले असते.

शेवटच्या दिवशी कंपनीचा माणूस स्कूटर न्यायला आला. आईने किल्ली देण्याआधी टोपलीतून आपली शबनम, पाण्याची बाटली आणि पणतवाचा एक मोजा काढून घेतला आणि सीट ओल्या कापडाने पुसून दिली. परत आल्यावर तिने नाशिकला मावशीला फोन लावला. मावशीचा मुलगा टेक्ससमध्ये असतो, पुढच्या वर्षी तिला बोलावतो आहे. फोन स्पीकरवर होता. "अगं, साडी नको नेसूस तिथे, ड्रेस शिवून घे दोन. आणि चारचाकीच सांग त्याला, तीनचाकी वळणावर कलते म्हणतात. उजवा अंगठा पुढे, डावा मागे. भ्यायचं काही नाही, सोडलं की थांबते. रूळ आले की सरळ घ्यायची, तिरकी नाही... नाही गं, आजारी कुठली, फिरायला जायचंय ना आपल्याला? बरं, लिहून घे, चार्जर रात्री लावायचा, आणि हिरवा दिवा बघूनच निघायचं."